देहांतील मिरासदार

सोलापुरांत यंत्रमागांची खडखड सुरू झाली, कीं कापसाची धूळ हवेंत तरंगूं लागते. चादर विणणाऱ्याच्या श्वासाबरोबर ती आंत शिरते. नाकांतील केस आणि घशांतील कफ तिचा बराच भाग अडवितात. परंतु जे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोंचतात, त्यांचें काय होतें? तेथें पहाऱ्यावर असलेल्या कांहीं पेशी त्यांना सरळ गिळून टाकितात. यांनाच शास्त्रज्ञ मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, म्हणतात.

या भक्षणाचा अर्थ ओळखिला तो इलिया मेक्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें. सन १८८२ च्या डिसेंबरांत सिसिली बेटावरील मेसिना येथें त्यानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांच्या त्वचेखालीं गुलाबाचे कांटे खोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों फिरत्या पेशींनीं कांट्यांना वेढा घातलेला! या विचारासाठीं १९०८ सालीं त्याला पॉल एर्लिक याच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या प्रांताशींहि त्याचा एक धागा जुळतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेणारा हाफकिन हा ओडेसा येथें मेक्निकॉफचाच विद्यार्थी होता. परळची हाफकिन संस्था आजहि त्याचें नांव चालवीत आहे.

या पेशी येतात कोठून? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असें मानीत, कीं त्या सर्व अस्थिमज्जेंत जन्मणाऱ्या व रक्तांतून फिरणाऱ्या मोनोसाइट नांवाच्या पेशींपासून होतात. सन २०१० च्या सुमारास हें मत बदललें. पूर्वीं आपल्या गांवांत पिढीजात मिरासदार आणि बाहेरून आलेले उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. देहांतहि तसेंच आहे. मेंदूंतील महाभक्षी पेशींचें मूळ गर्भाच्या पीतककोशांत असतें. यकृतांतील व फुप्फुसांतील पेशींचे पूर्वजहि बहुतांशीं गर्भावस्थेंतच तयार होतात. हे मिरासदार जागच्या जागीं आपला वंश वाढवितात. आंतड्यांत मात्र मोनोसाइटांची नवी भरती सतत चालू असते. आणि कोठेंहि जखम अथवा जंतुसंसर्ग झाला, कीं हे उपरी मदतीस धांवतात.

केवळ जंतु खाणें एवढेंच त्यांचें काम नव्हे. सुमारें १२० दिवसांचें आयुष्य संपलेल्या तांबड्या रक्तपेशी प्लीहेंत व यकृतांत याच पेशी मोडतात आणि त्यांतील लोह नव्या रक्तासाठीं परत देतात. जखमेंतील मृत भाग उचलून ती भरून येण्यास त्या साह्य करितात. गिळलेल्या शत्रूचे तुकडे लसिकापेशींना दाखवून त्यांना जागेंहि करितात.

परंतु पहारेकऱ्याच्याच घरांत चोर लपला तर? कॉक यानें क्षयाचा जंतु जाहीर केला तोहि १८८२ सालींच. हा जंतु महाभक्षी पेशीकडून गिळला जातो. पण तिची पचनक्रिया चुकवून तो तिच्याच पोटांत जगतो. मग इतर पेशी भोंवतीं जमून त्याला गांठींत कोंडतात. माणसाची प्रकृति खालावली, कीं गांठ फुटून रोग पुन्हा डोकें वर काढतो.

म्हणूनच क्षयाचें औषध साधारणतः निदान सहा महिने घ्यावें लागतें. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतें, आणि रोग्यास वाटतें, आपण बरे झालों. तोंच धोक्याचा क्षण होय. अर्धवट सोडलेल्या औषधानें उरलेले जंतु अधिक चिवट होऊं शकतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध विनामूल्य मिळतें. मागावर बसणाऱ्यानें नाकातोंडावर स्वच्छ कापड बांधावें. आंतले राखणदार जन्मभर जागे असतात. त्यांचें ओझें हलकें करणें मात्र आपल्याच हातीं आहे.