कांदेनवमी आणि जिभेचे अर्थशास्त्र

आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका यांवर मनसोक्त ताव मारावयाचा आणि एकादशीपासून चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. धर्मशास्त्र बाजूस ठेवले तरी तीत मनोव्यापाराची जाण आहे. वासना मारून मरत नाही. तिला तिथी नेमून दिली की ती आवरते. ईस्टरपूर्व उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी इंग्लंडात घरातील अंडी-लोणी संपविण्यासाठी धिरडी करीत. गोव्यात त्याच सुमारास कार्निव्हल रंगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आठशे कोटींवर पोहोचलेल्या मानवजातीचे अन्न, देव आणि ऋतू निरनिराळे. जिभेला वेसण घालण्याची युक्ती मात्र पुष्कळांची एकच!

परंतु पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावात उभे राहिले की दुसरी बाजू दिसते. बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा हेच ज्या मजुराचे जेवण, त्याने वर्ज्य ते काय करावे? पावसाळी हवेत चाळीतला उन्हाळी कांदा सडू लागतो, खरिपाचा कांदा यावयास अवकाश असतो आणि पुष्कळ वर्षी याच दिवसांत भाव चढतो. व्रत न घेताही मजुराच्या भाकरीवरचा कांदा उठतो.

एकाचा तो संयम, दुसऱ्याचा नाइलाज. बाजाराच्या वहीत मात्र दोहोंची नोंद एकच : मागणी घटली. आपण तरी हा फरक विसरू नये. ज्याचे ताट भरलेले आहे, त्यानेच ते दूर सारण्याला संयम म्हणावे.