विश्लेषण : चिलखत घातले तर आग, थंडी आणि विजेपासून बचाव होतो का?

मोबाइलवरच्या खेळांमध्ये योद्ध्याने ठरावीक चिलखत चढवले, की आगीचा गोळा, बर्फाचा मारा किंवा विजेचा लोळ त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही. जादू बाजूला ठेवली, तर खरे लोखंडी चिलखत हे काम करू शकेल का? बीड जिल्ह्यासाठी हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. एप्रिल-मेमधील अवकाळी, मृगाचा पाऊस आणि परतीचा पाऊस या काळात येथे शेतात काम करणारी माणसे आणि जनावरे विजेने दगावतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला.

चिलखत कशापासून वाचवत असे?

तलवार, भाला आणि बाण यांपासून. दख्खनमधील चिलखत म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या लोखंडी कड्यांचा अंगरखा. काही योद्धे त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर पोलादी पत्रे बांधत. त्याला ‘चारआईना’ म्हणत. आत कापूस भरलेला जाड अंगरखा असे. वार लोखंडावर अडत असे आणि त्याचा दणका कापूस सोसत असे. चेहरा, तळहात आणि पाय मात्र बरेचदा उघडेच राहत.

आगीत चिलखताचा उपयोग होतो का?

क्षणभराच्या झळेपुरता होतो. लोखंड पेटत नाही, पण तापते लवकर आणि ती उष्णता आत पोहोचवते. तव्याखालचा जाळ काढला तरी त्यावर उघडा हात ठेवता येत नाही, तसेच हे. जळते तेल तर कड्यांच्या फटींतून थेट आत शिरेल. थोडा वेळ मिळतो तो आतल्या कापसाच्या थरामुळे. अग्निशमन दलाचे जवान म्हणूनच लोखंड नव्हे, तर सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे अनेक थर असलेला पोशाख घालतात. पेटलेला उसाचा फड विझवायला सुती किंवा नायलॉनच्या साध्या कपड्यांत धावणाऱ्या माणसाला यातले कोणतेच संरक्षण नसते. नायलॉन तर वितळून कातडीला चिकटते.

आणि थंडीत?

थंडीत लोखंड उलट त्रासच देते. ते अंगातील ऊब वेगाने ओढून घेते. ऊब टिकते ती कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ पहाटेच्या गारठ्यात जे काम करते, ते पोलादी पत्र्याला जमत नाही.

विजेचे काय?

येथे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले, की धातूच्या बंद पिंजऱ्यावर विजेचा भार आला तरी तो बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो. आतील माणूस सुरक्षित असतो. उच्चदाब वाहिनी बंद न करता तिच्यावर काम करणारे कर्मचारी धातूचे धागे विणलेला पोशाख घालतात, तो याच तत्त्वावर. पण तो पोशाख डोक्यापासून पायापर्यंत सलग असतो आणि आकाशातील विजेसाठी बनवलेला नसतो. विजेच्या एका लोळात साधारण ३० हजार अँपिअर प्रवाह असू शकतो. गुडघ्यापर्यंतच्या चिलखतावर वीज पडली, तर काही प्रवाह कड्यांवरून जाईल. पण पुढे जमिनीपर्यंतची वाट उघड्या पायांतूनच असेल.

अंगावरचा धातू किंवा मोबाइल वीज ओढतो का?

नाही. वीज कुठे पडेल, हे प्रामुख्याने उंची आणि मोकळेपणा यांवर ठरते. म्हणून माळरानावरचे एकटे झाड आणि सपाट शेतात उभा असलेला माणूस धोक्यात असतात. रबरी बूटही वाचवत नाहीत. काही किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला बोटभर रबराचा अडसर होत नाही.

मग सर्वांत मोठा धोका कोणता?

थेट अंगावर वीज पडण्याचे प्रकार तुलनेने कमी असतात. अनेकदा वीज झाडावर किंवा जमिनीवर पडते आणि प्रवाह जमिनीतून पसरतो. तो एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. जनावरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने झाडाखाली बांधलेली गुरे एकाच वेळी दगावतात. या प्रवाहापुढे छातीवरचे चिलखत निरुपयोगी आहे.

खरे चिलखत कोणते?

पक्के घर, किंवा काचा बंद केलेली, धातूच्या टपाची मोटार अथवा एसटी. मोटारीत बचाव होतो तो धातूच्या सांगाड्यामुळे, टायरमुळे नव्हे. दुचाकी, उघडा ट्रॅक्टर, झाड आणि चारही बाजूंनी मोकळे पत्र्याचे शेड सुरक्षित नाहीत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत अॅप आसपास विजा होत असल्यास इशारा देते. नेटवर्क नसेल, तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ते ३० पेक्षा कमी भरले, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे काम थांबवून आसरा गाठावा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. आसरा नसेलच, तर झाड, विजेचा खांब आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. मात्र हा नाइलाजाचा उपाय आहे.

वीज पडलेल्या माणसाला हात लावल्यास झटका बसत नाही. श्वास थांबला असेल, तर लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.