विश्लेषण : चॅटबॉटचे उत्तर कधी शब्दाशब्दाने, तर कधी एकदम का येते?

चॅटबॉटला प्रश्न विचारला, की उत्तर बहुतेकदा शब्दाशब्दाने उमटते. काही संकेतस्थळांवर मात्र पडदा बराच वेळ कोरा राहतो आणि मग सगळा मजकूर एकदम येतो. दोष दरवेळी नेटवर्कचाच असतो का?

तुकड्यातुकड्याने उत्तर कसे येते?
एरवी सर्व्हर उत्तराची एकूण लांबी आधीच कळवतो. पण उत्तर अजून तयारच होत असेल, तर लांबी कशी सांगणार? १९९७ च्या ‘एचटीटीपी १.१’ या नियमावलीत त्यावर तोडगा आहे. प्रत्येक तुकड्याआधी फक्त त्याच तुकड्याची लांबी सांगायची. शून्य लांबीचा तुकडा आला, की उत्तर संपले.

मग अडते कुठे?
वाटेतल्या ‘बफर’मध्ये. सीटा भरल्याशिवाय वडाप सुटत नाही, तसा बफर पुरेसा मजकूर जमेपर्यंत तो पुढे सोडत नाही. ‘एन्जिनएक्स’सारख्या मध्यस्थ सर्व्हरवर हे बफरिंग मुळातच चालू असते. मोबाइलचे नेट संथ असले तरी मूळ सर्व्हर लवकर मोकळा व्हावा, हा त्यामागचा हेतू. मजकूर शब्दाशब्दाने हवा असेल, तर ते मुद्दाम बंद करावे लागते. ब्राउझरही सुरुवातीला थांबू शकतो. मजकुराचे संकेतन सर्व्हरने सांगितले नसेल, तर तो ते पहिल्या १,०२४ बाइटमध्ये शोधतो.

मराठीला वेगळा फटका बसतो का?
बसू शकतो. ‘यूटीएफ-८’ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दाचेच १५ बाइट होतात. तुकडा नेमका चिन्हाच्या मध्येच तुटला आणि प्रोग्रामने उरलेल्या बाइटची वाट पाहिली नाही, तर अक्षराऐवजी चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचे असल्याने केवळ इंग्रजीत चाचणी केली, तर ही चूक सापडतच नाही.

वापरकर्त्याने काय लक्षात घ्यावे?
‘सर्व ठीक’ सांगणारा २०० हा संकेत मजकुराच्या आधीच निघून जातो. नंतर बिघाड झाला, तरी तो मागे घेता येत नाही. त्यामुळे अर्धवट उत्तरही पूर्ण वाटू शकते. औषधाची माहिती किंवा अर्जाचे नियम वाचताना शेवटचे वाक्य मध्येच थांबले, तर त्यावर विसंबू नका, पुन्हा विचारा.