हार्पर्स फेरीचा कडा आणि आमचे बाबा



आई-बाबा भारतातून आले की आपण त्यांना काय दाखवतो? व्हाइट हाउस, नायगारा, देऊळ आणि कॉस्टको. उरलेले पाच महिने घर, टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅप. कारण आपल्या डोक्यात कायम इन्शुरन्स! व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत. पडले-बिडले तर बिल केवढं येईल या धास्तीने आपण त्यांना घरातला जिनासुद्धा "सांभाळून हं" म्हणत उतरवतो. मीही त्यातलाच.

गेल्या वर्षी बाबा एकटेच आले. वय ७३, मुक्काम सातारा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. डावा गुडघा कुरकुरतो. आई गेल्यापासून बोलणं कमीच. तिसऱ्या आठवड्यात चहा घेताना म्हणाले, "अरे, परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." पोटात खड्डा पडला. त्याच शनिवारी त्यांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन हार्पर्स फेरी गाठलं.

वॉशिंग्टनहून साधारण सव्वा तास. पोटोमॅक आणि शेनान्डोआ या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे जुनं गाव. जॉन ब्राउनने गुलामगिरी मोडायला १८५९ मध्ये इथल्याच शस्त्रागारावर छापा घातला होता. आम्हाला जायचं होतं नदीपलीकडच्या मेरीलँड हाइट्सच्या कड्यावर. गावातून जाऊन-येऊन अंदाजे साडेचार मैल.

रेल्वे पुलाच्या कडेने पादचाऱ्यांची वाट आहे. समोरच्या दगडावर शंभरेक वर्षांपूर्वीची टाल्कम पावडरीची जाहिरात अजून पुसट दिसते. लेकीने अक्षरं लावून वाचली. "गडावर रंग फासणारे इथंही होते म्हणायचे," बाबा म्हणाले. दिवसातलं पहिलं वाक्य!

पूल संपला की गोल जिना उतरून जुन्या कालव्याच्या काठाने डावीकडे जायचं. इथे ३३ नंबरच्या लॉकचे दगडी अवशेष आहेत. मी पुढे निघालो, तर बाबा मागेच. काठीने दगड ठोकून बघतायत. मग नातीचा क्लास सुरू झाला. दोन दरवाजांमध्ये नाव कशी घ्यायची, पाणी सोडून ती वर कशी उचलायची, सगळं हातवारे करून. हा कालवा जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, वाटेत अशी ७४ लॉक्स. १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. "दगड कसा बसवलाय बघ, एक सांधा हललेला नाही," असं म्हणताना त्यांचा चेहरा ड्यूटीवरचा होता.

पुढे रस्ता ओलांडला की खरा चढ. तोफा वर न्यायला केलेली ही लष्करी वाट, त्यामुळे रुंद आहे, पण दम काढते. आम्ही नियम केला: शंभर पावलं, मग थांबायचं. मी दर वेळी "बाबा, परत फिरू या का?" विचारत होतो. चौथ्यांदा ते म्हणाले, "तू दमलास का?" गप्प बसलो.

अर्ध्या चढावर १८६२ च्या एका तोफखान्याची जागा आहे. मातीचा बांध तेवढा उरलाय. तिथे बसून मी पाटीवरची हकिगत सांगितली. १३ सप्टेंबर १८६२ ला उत्तरेच्या फौजेने हा डोंगर सोडला, आणि दोनच दिवसांत खालच्या गावातल्या सुमारे १२,५०० सैनिकांना शरण जावं लागलं. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे वज्रगडच की!" १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागल्या. पुढे जूनमध्ये तह झाला. "शेजारची उंच जागा गेली की खालचं राखणं अवघड. इथंही तेच." मग १९७४ साली मित्रांबरोबर पुरंदर कसा चढला, आईला पहिल्यांदा तिथेच कसं पाहिलं, हेही आलं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

पुढे फाटा येतो. डावीकडची वाट माथ्यावरच्या दगडी किल्ल्याला जाते, उजवीकडची कड्याला. कड्याची वाट शेवटी खाली उतरते, म्हणजे परतताना पुन्हा चढ आहे हे लक्षात ठेवा. कठडा अजिबात नाही, मुलांचा हात सोडू नका.

आणि मग एकदम मोकळं! उजवीकडून पोटोमॅक, डावीकडून शेनान्डोआ, मधे चिमुकलं गाव, पायाखालच्या बोगद्यात शिरणारी मालगाडी. आपण मेरीलँडमध्ये, गाव वेस्ट व्हर्जिनियात, पलीकडचा डोंगर व्हर्जिनियाचा. बाबांनी टोपी काढली आणि सवयीने संगमाला नमस्कार केला. लेकीनेही केला.

थोडं कामाचं: गाडी व्हिजिटर सेंटरला लावा, तिथून गावात शटल येते. सकाळी लवकर निघा. आम्हाला जाऊन-येऊन पाच तास लागले. पाणी, काठी, घट्ट बूट हवेतच. आणि डॉक्टरांना आधी विचारा, मीही फोन केला होता. चढ झेपणार नसेल तर गावातच पायऱ्या चढून सेंट जॉन्स चर्चचे अवशेष आणि पुढे जेफरसन रॉक पाहा. जेफरसनने १७८३ मध्ये पाहून ज्याची वाखाणणी केली तो देखावा तिथूनही दिसतो.

रात्री गुडघ्याला शेक देताना बाबा म्हणाले, "तो डावीकडचा दगडी किल्ला राहिला. पुढच्या शनिवारी तुला सुट्टी आहे ना?"

तिकीट अजून बदललेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.