सॉफ्टबॉल पिचिंग
सॉफ्टबॉल पिचिंग : सॉफ्टबॉल या सांघिक मैदानी खेळात पिचरने म्हणजे चेंडूफेक करणाऱ्या खेळाडूने फलंदाजाकडे खांद्याखालून हात आणून (अंडरआर्म) चेंडू फेकण्याची क्रिया. वेगवान सॉफ्टबॉलमध्ये सामन्याचा निकाल बव्हंशी पिचरच्या कौशल्यावर अवलंबून असतो. त्यामुळे संघातील एखाद्याच चांगल्या पिचरवर, विशेषतः शालेय वयात, चेंडूफेकीचा बहुतेक भार पडतो. खांद्याखालून होणारी फेक ही शरीराची नैसर्गिक हालचाल असल्याने ती कितीही वेळा केली, तरी अपाय होत नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. शरीरयांत्रिकीच्या अभ्यासातून ती निराधार ठरली आहे. म्हणून बालपिचरच्या तंत्रातील सुधारणा हा केवळ वेग वाढविण्याचा विषय नसून, वाढत्या वयातील खांदा सुरक्षित राखण्याचाही विषय आहे.

सॉफ्टबॉलचा उगम १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे बंदिस्त जागेत खेळावयाच्या बेसबॉलमधून झाला. जॉर्ज हँकॉक हा त्याचा प्रवर्तक मानला जातो. पुढे हा खेळ मैदानावर आला व खांद्याखालच्या फेकीचे दोन प्रमुख प्रकार रूढ झाले. ‘गोफणी’ पद्धतीत हात मागे उंच नेऊन त्याच मार्गाने झपाट्याने पुढे आणतात. ‘पवनचक्की’ पद्धतीत हात पुढून वर, वरून मागे व मागून खाली असे पूर्ण वर्तुळ करतो. अमेरिकेची विख्यात पिचर जोन जॉइस (१९४०–२०२२) ही गोफणी पद्धतीने चेंडू टाकत असे. सांप्रत पवनचक्की पद्धतच सर्वत्र प्रचलित असून पुढील विवेचन तिच्याविषयीच आहे. हे विवेचन उजव्या हाताच्या पिचरचे आहे. डावखुऱ्या पिचरच्या बाबतीत दिशा उलट समजाव्यात.

स्त्रियांच्या सामन्यांत पिचरची पट्टी व होम प्लेट यांतील अंतर १३·११ मी. (४३ फुट) असते. अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलींसाठी ते १०·६७ मी. (३५ फुट) ठेवतात व त्यांना २७·९ सेंमी. (११ इंच) परिघाचा लहान चेंडू देतात. प्रौढांच्या चेंडूचा परीघ ३०·५ सेंमी. (१२ इंच) असतो. पाऊल पुढे पडत असल्यामुळे चेंडू पट्टीच्या बराच पुढे सुटतो. ताशी सु. ९६ किमी. वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अवघे सु. ०·४ सेकंद लागतात. नियमानुसार चेंडू सुटताना हात कमरेखाली असावा लागतो आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून दूर जाऊन चालत नाही.

तंत्र : क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणे पिचरला धावत येता येत नाही. त्यामुळे चेंडूला द्यावयाची सर्व गती एका पावलाच्या रेट्यातून निर्माण करावी लागते. ती जमिनीपासून क्रमाने पाय, कंबर, धड, खांदा, कोपर व मनगट अशी वर चढत जाते व अखेरीस बोटांतून चेंडूत उतरते. या साखळीतील एखादा दुवा उशिरा वा अपुरा हलला, तर उणीव भरून काढण्यासाठी पुढच्या दुव्यास, म्हणजे बहुधा खांद्यास, अधिक श्रम पडतात. पिचिंगमधील बहुतेक दोषांचे व दुखापतींचे मूळ येथे आहे.

हाताची स्थिती घड्याळाच्या तबकडीवरून समजावून सांगण्याचा प्रघात आहे. पिचरच्या उजव्या बाजूने पाहिल्यास हात समोर असताना तीन, डोक्यावर असताना बारा, मागे असताना नऊ व खाली असताना सहा वाजतात. प्रारंभी पिचर उजव्या पायावर भार घेऊन किंचित वाकते व पट्टीला जोराने रेटा देऊन डावे पाऊल फलंदाजाच्या दिशेने सरळ टाकते. त्याच वेळी हात तीनवरून बाराकडे जातो व धड तिसऱ्या बेसकडे वळून बाजूचे होते. हात माथ्यावरून मागे उतरू लागण्याच्या सुमारास डावे पाऊल टेकते. ते तिरपे टेकावे व तो पाय खंबीर राहावा. पुढे निघालेल्या शरीरास हा पाय एकाएकी रोखतो व त्यामुळे धडाची गती हाताकडे जाते. मागचा पाय या वेळी ओढला जाऊन पुढच्या पायाजवळ येतो. तो पुन्हा रोवून दुसरा रेटा घेणे नियमबाह्य आहे. नऊनंतर कोपर किंचित वाकलेले राहून दंड बरगड्यांजवळून उतरतो, हाताचा पुढचा भाग कमरेस ओझरता स्पर्श करतो व चेंडू मांडीजवळ सुटतो.

चेंडू सोडताना मनगट मुद्दाम झटकावे व फेकीनंतर कोपर हनुवटीपर्यंत उचलावे, अशी शिकवण पूर्वी सर्रास दिली जाई. निष्णात पिचरांच्या संथगती चित्रफितींत मात्र असे आढळत नाही. त्यांचा हात कमरेजवळ मंदावतो, पुढचा भाग चाबकाच्या टोकाप्रमाणे आपोआप पुढे येतो आणि चेंडू सुटल्यावर हात आतल्या बाजूस वळून सैल पडतो. तसेच चेंडू सुटताना कंबर फलंदाजासमोर पूर्ण वळलेली नसते, तर ती अर्धवट तिरपी असते.

दोष व सुधारणा : चेंडू कोठे गेला यावरून दोषाचा अंदाज बांधता येतो. चेंडू वेळेआधी सुटल्यास तो खाली जातो, उशिरा सुटल्यास वर जातो. पुढचे पाऊल रेषा ओलांडून उजवीकडे पडले, तर कंबर हाताच्या वाटेत येते व हाताला वळसा घ्यावा लागतो. ते फार डावीकडे पडले, तर धड वेळेआधीच उघडते. हात माथ्यावरून जाताना पाठीमागे गेला किंवा शरीरापासून दूर फाकला, तर चेंडू आडव्या दिशेने भरकटतो. चेंडू सोडताना पुढे झुकणे हा नवशिक्यांतील नेहमीचा दोष होय. त्यामुळे पुढचा पाय शरीराला रोखू शकत नाही. चेंडू घट्ट आवळल्यास व हात ताठ ठेवल्यास वेग वाढण्याऐवजी घटतो.

मात्र दिसणारा दोष व त्याचे कारण एकाच जागी असतात असे नाही. चेंडू सारखा वर जात असेल, तर ‘लवकर सोड’ एवढे सांगून भागत नाही. रेटा अपुरा पडल्याने हात व पाऊल यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. म्हणून तपासणी पायांपासून वर करावी व एका वेळी एकच दोष हाती घ्यावा. पट्टीपासून होम प्लेटच्या दिशेने फक्कीची सरळ रेघ आखून पाऊल व हात तिच्या मार्गात ठेवण्याचा सराव करणे, हा साधा व परिणामकारक उपाय आहे. बाजूने व समोरून घेतलेली चित्रफीत संथ गतीने दाखविल्यास मुलीला आपली चूक स्वतःच उमगते.

सरावाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. प्रथम जाळीसमोर तीन-चार मीटरांवर बाजूने उभे राहून नऊच्या स्थितीतून चेंडू सोडण्याचा, नंतर जागेवरूनच पूर्ण वर्तुळाचा, त्यानंतर पाऊल टाकून व अखेरीस पूर्ण अंतरावरून फेकीचा सराव करतात. जाळीमुळे नेमाची चिंता राहत नाही व लक्ष हालचालीवर राहते. तंत्र बदलताना काही काळ अचूकता घटते. या काळात सामन्यातील यशाची घाई केल्यास मूल जुन्या सवयीकडे वळते. मूळ वेगवान फेक स्थिरावल्यावर संथ (चेंजअप) चेंडू शिकवावा. वळणारे व उसळणारे चेंडू त्यानंतरचे होत.

भार व दुखापती : अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पवनचक्की फेकीत हाताला खांद्याच्या सांध्यातून बाहेर खेचणारे बल पिचरच्या शरीरभाराच्या जवळपास असल्याचे आढळले. दंडाच्या पुढील बाजूच्या द्विशिरस्क स्नायूवर या फेकीत पडणारा ताण खांद्यावरून केलेल्या फेकीपेक्षा अधिक असल्याचे २००९ मधील अभ्यासात दिसून आले. खांद्याच्या पुढील भागातील वेदना ही पिचरांची नेहमीची तक्रार होय. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेले वर्धनशील भाग कोवळे असल्याने अशी वेदना दुर्लक्षून चालत नाही. दुखत असताना खेळणे थांबवावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा. थकवा आला, की प्रथम पायांचा रेटा कमी होतो व भार हातावर येतो. उत्तम तंत्रही थकलेल्या शरीरात टिकत नाही.

बीजिंग येथील २००८ च्या ऑलिंपिक स्पर्धेत जपानच्या युकिको उएनो हिने दोन दिवसांत तीन सामन्यांमध्ये ४१३ चेंडू टाकून आपल्या संघास सुवर्णपदक मिळवून दिले. हा पराक्रम पूर्ण वाढ झालेल्या, कसलेल्या खेळाडूचा होता. बालपिचरसाठी तो प्रमाण मानता येत नाही. अमेरिकेतील लिटल लीग या संघटनेने बालबेसबॉलमध्ये २००७ पासून फेकींच्या संख्येवर वयानुसार मर्यादा घातली. सॉफ्टबॉलमध्ये मात्र अशी मर्यादा सार्वत्रिक झालेली नाही. त्यामुळे सराव व सामने यांतील फेकींची नोंद ठेवणे, विश्रांतीचे दिवस पाळणे, पाय व धड यांचे बळ वाढविणारे व्यायाम देणे आणि प्रत्येक संघात किमान दोन-तीन पिचर तयार करणे, ही जबाबदारी मुख्यतः प्रशिक्षक व पालक यांच्यावर येते.