मोटारीचा जोर वाढवू नका, रूळ झाडा

सोसायटीच्या सभेत रंगकामाचा विषय वर्षानुवर्षं रेंगाळतो, पण गेटला मोटार बसवायचा ठराव चहा यायच्या आत मंजूर होतो. वॉचमनला भर पावसात छत्री सावरत उठायला नको, रिमोट दाबला की गेट सरकेल, शिवाय शेजारच्या सोसायटीने कधीच बसवली आहे. नारळ फुटतो आणि पहिलं वर्ष मजेत जातं. मग एका पावसाळ्यात गेट अर्ध्यावरच अडून बसतं. टेक्निशियन येतो, डबा उघडतो, आतली एक सेटिंग वाढवतो आणि गेट पुन्हा पळायला लागतं. सेक्रेटरी खूश, सभासद खूश. खरं तर काळजी करायची वेळ इथूनच सुरू होते.

ही सेटिंग असते जोराची. सरकत्या गेटच्या खालच्या कडेला दातेरी पट्टी असते, मोटारीचा गिअर तिच्यात अडकून गेट ढकलतो. वाटेत काही आडवं आलं, तर वाढलेला भार ओळखून मोटारीने थांबावं किंवा उलटं फिरावं, अशी सोय कंट्रोल बोर्डात असते. किती अडथळा आला की थांबायचं, हे ती सेटिंग ठरवते. रुळात चिखल साचला, चाकाचं बेअरिंग गंजलं की मोटारीला तो अडथळाच वाटतो आणि ती थांबते. म्हणजे ती आपलं काम चोख करत असते. आपण मात्र रूळ साफ करायचं सोडून जोर वाढवतो. दोन-तीन फेऱ्यांत तो इतका वाढतो की मध्ये चिखल आहे की कोणाचा हात, यातला फरक यंत्राला कळेनासा होतो.

हा भीतीचा बागुलबुवा नाही. 2010 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये मँचेस्टर आणि ब्रिजेंड इथे एकाच आठवड्यात दोन लहान मुली अशा विजेच्या गेटमध्ये चिरडून गेल्या. एक सहा वर्षांची, दुसरी पाच. ब्रिजेंडच्या प्रकरणात गेट बसवणाऱ्या आणि त्याची देखभाल करणाऱ्या, अशा दोन्ही कंपन्यांना पुढे न्यायालयाने दंड केला. युरोपच्या मानकात बंद होणाऱ्या गेटच्या कडेचा दाब अरुंद फटीत 400 न्यूटनपर्यंतच चालतो. साध्या भाषेत सुमारे 40 किलोचा भार, तोही पाऊण सेकंदाच्या आत उतरायला हवा. आपल्याकडे गेट बसवून झाल्यावर हा दाब मोजून दाखवा, असं कोणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. लिफ्टसाठी आपल्याकडे 1939 पासून कायदा आहे, परवाना आहे, निरीक्षक आहे. अर्धा टन वजनाचं लोखंड दिवसभर मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर सरकत राहतं, त्याच्याकडे मात्र आपण अजून फाटक म्हणूनच बघतो.

'आमच्याकडे सेन्सर आहे,' हे उत्तर ठरलेलं. बहुतेक ठिकाणी खांबांवर समोरासमोर दोन डोळे असतात आणि त्यांच्यातला अदृश्य किरण तुटला की गेट थांबतं. पण तो किरण म्हणजे एकच रेष. उंच चाकांचा टेम्पो अर्धा आत असताना ती त्याच्या पोटाखालून निघून जाते, जमिनीवर पडलेला चेंडू उचलायला वाकलेलं मूल तिच्याही खाली राहू शकतं. म्हणून दोन वेगवेगळ्या उंचीवर दोन जोड्या हव्यात, आणि गेटच्या पुढच्या कडेला दाबला की थांबवणारी रबराची पट्टी हवी. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपण बंद होणाऱ्या गेटला घाबरतो, उघडणाऱ्या गेटला नाही. जाळीचं गेट उघडताना खांबाच्या मागे सरकत जातं. गजांतून हात घालून पलीकडच्या मित्राशी बोलणाऱ्या मुलाचा हात गज आणि खांब यांच्यामध्ये कात्रीत सापडावा तसा सापडतो, आणि त्या बाजूला सेन्सर बहुधा नसतोच. तिथे गेटच्या मागच्या भागाला बारीक जाळी मारून घेणं, हा स्थानिक फॅब्रिकेटरकडून होणारा स्वस्त उपाय आहे. पत्रा मात्र ठोकू नका. पत्र्याने वजन वाढतं, वाऱ्याचा मार वाढतो, आणि वळवाच्या वादळात मोटार वाऱ्याशी झुंजत बसते.

गेट पडणं हा आणखी एक धोका. रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर नसेल आणि एखाद्या दिवशी गेट टोकाला पोचल्यावर मोटार थांबवणाऱ्या लिमिट स्विचने दगा दिला, तर मोटार गेटला थेट वरच्या गाइडच्या बाहेर काढते. त्यानंतर ते कोणाच्या अंगावर पडेल, हे नशिबावर. स्टॉपर तुटला तर मोटार लगेच बंद करायची, वेल्डरने तो पुन्हा बसवल्यावरच सुरू करायची.

आता देखभाल. बिघाड मोटारीत आहे की गेटमध्ये, हे ओळखायला कंपनीचा माणूस लागत नाही. मोटारीला एक चावी किंवा खटका असतो, तो फिरवला की गिअर सुटतो आणि गेट हाताने ढकलता येतं. तसं ढकलून बघा. एका माणसाच्या साध्या जोराने ते सुरळीत चाललं पाहिजे. दोघांना पाय रोवून ढकलावं लागत असेल, तर दोष चाकांचा किंवा रुळाचा आहे आणि नवी मोटार घेऊनही तो जाणार नाही. चाकं झिजली की गेट खाली बसतं आणि त्याचा सगळा भार गिअरवर येतो. गिअर आणि दातेरी पट्टी यांच्यात एक-दोन मिलिमीटरची फट राहायला हवी, ती नाहीशी होते. मग दात तुटतात आणि हजार-दीड हजाराच्या चाकापायी हजारोंची मोटार बदलायचा प्रस्ताव कमिटीसमोर येतो. उत्साही वॉचमन त्या पट्टीला ग्रीस फासतो, त्याला थांबवा. ग्रीसवर धूळ बसली की तिची पॉलिश पेपर होते. ग्रीस बेअरिंगला द्यायचं, पट्टी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची.

पावसाळ्याआधी रुळाच्या कडेचा निचरा मोकळा करावा. कंट्रोल बोर्डाच्या डब्यात वायर शिरते ती भोकं बुजवावीत, कारण तिथून मुंग्या आणि पाली उबेला येतात आणि बोर्ड जाळतात. लोखंडी गेट, ओली जमीन आणि वीज एकत्र येतात तिथे अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर यांत तडजोड नको. बॅटरी बॅकअप असेल, तर महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून गेट चालवून बघावं, नाहीतर बॅटरी मेल्याचं लोडशेडिंगच्या रात्रीच कळतं.

रिमोटबद्दल एवढंच, की जुन्या धाटणीच्या, कायम एकच कोड पाठवणाऱ्या रिमोटची नक्कल बाजारात सहज होते. दर दाबाला कोड बदलणारा घ्यावा. भाडेकरू घर सोडतो तेव्हा त्याचा रिमोट सिस्टिमच्या यादीतून उडवायला हवा. रिमोट परत घेतला, पण यादी तशीच ठेवली, तर हरवल्याचं सांगितलेला दुसरा रिमोट खुशाल चालत राहतो.

वापराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या सोसायटीत सकाळच्या गर्दीच्या दोन तासांत जड गेट दर गाडीमागे उघड-मीट करू नये. तेव्हा ते उघडं ठेवून बूम बॅरियरवर भागवावं, रात्री गेट वापरावं. आणि माणसांना गाड्यांच्या गेटमधून सोडूच नये. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालासुद्धा माणसांसाठी छोटी दिंडी ठेवलेली आहे. आपण मात्र शाळेच्या बसकडे धावणारी मुलं, दूधवाला आणि काठी टेकत निघालेल्या आजी, सगळ्यांना त्याच सरकत्या लोखंडासमोरून पाठवतो.

खर्चाचा वाद ठरलेला: 'आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही का द्यायचे?' आदर्श उपविधींनुसार वॉचमनच्या पगारासारखे सेवाखर्च सर्व सदनिकांवर समान विभागले जातात. गेटची देखभालही त्याच खात्यात जावी. गाडी नसली तरी त्या गेटसमोरून रोज चालत सगळेच जातात. वार्षिक कराराचा कागद सही करण्याआधी वाचा. चाकं, बेअरिंग, रूळ आणि सेन्सरची तपासणी त्यात लिहिलेली नसेल, तर तो करार फक्त मोटारीचा आहे, गेटचा नाही. आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने जोराची सेटिंग बदलली, तर ती का आणि किती बदलली, हे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या.

आज खाली उतराल तेव्हा वॉचमनकाकांना एवढंच विचारा: वीज गेली आणि बंब दारात आला, तर गेट हाताने कसं उघडाल? त्यांनी चावी काढून, गिअर सोडवून दाखवलं तर उत्तम. 'चावी सेक्रेटरीसाहेबांच्या कपाटात आहे' असं उत्तर आलं, तर ती आजच केबिनमध्ये आणून टांगा आणि दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनकडून एकदा गेट उघडून घ्या.