सायलेन्सरचं नाक कसं तपासतात?

मित्रांनो, चुलीत पऱ्हाट्या जास्त कोंबल्या आणि हवा कमी पडली तर काय होतं? धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं. मग आजी फुंकणी घेते. हवा गेली की जाळ चांगला होतो. गाडीच्या इंजिनाचंही तसंच आहे. १ किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल वाया जाते आणि काळा धूर निघतो.

पण इंजिनाच्या आत कोण पाहणार? म्हणून सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवतात. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. तो इंजिनाजवळ बोल्टासारखा आवळलेला असतो. माझे मामा परतवाड्याला गाड्या दुरुस्त करतात. ते त्याला सायलेन्सरचं नाक म्हणतात. कारण तो धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मग कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो.

हा सेन्सर जर्मनीच्या बॉश कंपनीने केला. १९७६ साली तो व्होल्वो मोटारीत बसला. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. तेव्हापासून नवीन मोटारसायकलींनाही हा सेन्सर असतो. तुमच्या घरच्या गाडीलाही असेल.

आता गंमत ऐका. हे नाक थंड असलं तर त्याला वासच येत नाही! अकोल्याला मे महिन्यात ४५ अंश ऊन तापते, आपला जीव घाबरा होतो. पण सेन्सरला ३०० अंशांच्या वर तापावं लागते. नुसत्या धुराने तापायला वेळ लागतो. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. हीटर बंद पडला तर सेन्सर उशिरा जागा होतो. तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल देतो, आणि थंड इंजिनाला जास्तच देतो.

बिघाड झाला की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी पेट्रोल जास्त पिते. पीयूसीत नापास होऊ शकते. पण दिवा लागला म्हणजे सेन्सरच खराब झाला असं नसते! मामा खालीलप्रमाणे तपासतात.

(१) स्कॅनर लावणे. स्कॅनरवर आकडा येतो. पी ०१३५ आला तर पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या लायनीत बिघाड आहे असे समजावे. लायनीत म्हणजे हीटर, तार, फ्यूज यांपैकी कशातही.

(२) डोळ्याने पाहणे. इंजिन थंड असावे. तार उंदराने कुरतडली का? गरम पाइपाला लागून वितळली का? कपलर ढिला आहे का, त्यात पाणी-चिखल गेला का? सेन्सरच्या आधी पाइप फुटला असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि नाकाला चुकीचा वास येतो.

(३) फ्यूज पाहणे. तो जळला असेल तर का जळला तेही शोधावे. नाही तर नवीनही जळतो.

(४) हीटर मोजणे. साध्या सेन्सरला चार तारा असतात. दोन हीटरच्या, त्या बहुतेक एकाच रंगाच्या असतात. कपलर काढून त्या दोन तारांवर मल्टिमीटर लावतात. पुष्कळ गाड्यांत ३ ते १५ ओहम येतात. बरोबर आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर आतून तुटला. नुसता हीटर बदलत नाहीत, पूर्ण सेन्सर बदलावा लागतो.

(५) वीज मोजणे. इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरात १२ व्होल्टच्या आसपास वीज येते का ते पाहतात. येत नसेल तर दोष तारेत नाहीतर फ्यूजमध्ये आहे, सेन्सरात नाही.

(६) नाक तपासणे. हीटर चांगला निघाला तर इंजिन गरम करून सेन्सरची वीज पाहतात. ती ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखी वरखाली नाचली पाहिजे. ऑक्सिजन उरला तर कमी, संपला तर जास्त. एकाच जागी अडून बसली तर सेन्सरवर संशय घ्यावा.

हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या मोठेबाबांची पेट्रोलची छोटी मालगाडी आहे. ते तिच्यात संत्री भरून अमरावतीला नेतात. मागच्या वर्षी दिवा लागला. मोठेबाबा म्हणाले, "गाडी लय पेट्रोल पिऊन राह्यली. भाड्यात काहीच उरत नाही." एका ठिकाणी न तपासताच सांगितलं की सेन्सर गेला, तीन हजार लागतील. संत्र्याच्या हंगामात तीन हजार कुठून आणायचे? मग मामाने मोजलं. हीटर ६ ओहम, म्हणजे चांगला. पण वीज शून्य! फ्यूज जळला होता. तार पाइपाला लागून वितळली होती. मामाने तार जोडली, पाइपापासून लांब बांधली, नवा फ्यूज टाकला. शंभर रुपयांच्या आत काम झालं. स्कॅनरने जुना आकडा पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

पण दिव्याकडे दुर्लक्षही करू नये. जास्तीच्या पेट्रोलाने धूर साफ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, खराब होतो. तो सेन्सरापेक्षा खूप महाग असतो.

मुलांनी गरम सायलेन्सरला हात लावू नये. बंद खोलीत कोणीही इंजिन चालू ठेवू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, पण त्याने माणूस मरू शकतो.

आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. मिस्तरी सेन्सर बदला म्हणाला तर विचारा, "हीटर किती ओहम आला? फ्यूज पाहिला का?" आधी तपासा, मंग बदला!

— इयत्ता चौथी